चूक शालिकभाऊंची

बिघडलेली गाडी यार्डात आली की शालिकभाऊ आधी ड्रायव्हरकडे बघत. कुणी बॉनेट उघडायला पुढे झालं तर त्याचा हात धरून त्याला बाजूला करत. मग कोपऱ्यात आडव्या टाकलेल्या टिपरच्या रिमवर बसून, खांद्यावरचं फडकं मांडीवर पसरून म्हणत, "हं, सांग गा आता. घरून निघाला तेथून सांग."

ड्रायव्हरला घाई असे. "भाऊ, क्लच गेला, एवढंच."

"क्लच मी पाहतो ना. तू सकाळी काय खाऊन निघाला ते सांग."

ड्रायव्हर वैतागून सांगू लागे. भाऊ मध्येच एखादा प्रश्न विचारत. रस्त्यात कोण भेटलं, चढावर मागे कोणती गाडी होती, हॉर्न किती वेळा मारला. सांगणारा कुठे अडखळतो तिकडे त्यांचं लक्ष असे. गोष्ट संपली की ते उठत आणि दहातल्या आठ वेळा थेट त्याच भागाला हात घालत. उरलेल्या दोन वेळा चुकत, आणि तेही चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगत.

भंडाऱ्याजवळच्या शहापूरला, हायवेला लागून एका कंत्राटदाराचं हे यार्ड होतं. टिपर, रोलर, दोन पोकलेन, मशीन वाहून न्यायचा एक लांबलचक ट्रेलर. गोसीखुर्द धरणाच्या कालव्यांची कामं पवनीकडे चालू होती, आणि तिकडे मोडलेलं सगळं इकडे येई. शालिकराम रामटेके तिथले फोरमन. मी बी. कॉम. होऊन टाइमकीपर म्हणून लागलो होतो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. पोरगा ऑफिसात लागला असं माझ्या वडिलांनी धानाच्या बांधीत उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं होतं. ऑफिस म्हणजे एक पत्र्याची केबिन होती. तिच्यात एक टेबल, हजेरीचं रजिस्टर आणि जुने फॅनबेल्ट होते.

पहिल्या दिवशी मी नवा शर्ट घालून गेलो. भाऊंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय शिकला?"

"बी. कॉम."

"मंग या ग्रीसमधी हात घालू नको. एकदा घातला की निघत नाही." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'ग्रॅज्युएट' झालो. दुपारी काम नसलं की ते मला स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन केबिनमध्ये बसवत आणि दाराशी कुणाला हातोडा आपटू देत नसत. स्वतः सातवीत शाळा सोडलेले. अवजारांच्या पेटीच्या झाकणाला आतून बाबासाहेबांचा फोटो चिकटवलेला होता. पेटी उघडताना हात काळे असतील तर ते झाकण कोपराने उचलत. काम संपलं की धानाचा कोंडा आणि साबण घेऊन बोटन् बोट घासत. त्यांचे हात आमच्यापेक्षा स्वच्छ असत.

जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या बसगाड्या सकाळी हायवेवरून गेल्या की आमचा चहा होई. त्या चहाला एक रीत होती, आणि ती भाऊंनीच घातलेली. मी लागायच्या आधी एका मोडलेल्या एक्सलवरून दोन ड्रायव्हर भांडले होते. तू मोडला, तू मोडला करता करता एकाने दुसऱ्याच्या डोक्यात जॅकचा दांडा घातला. टाके पडले. तेव्हापासून भाऊंनी ठरवलं की चहाला बसून ज्याने त्याने आपली गोष्ट सांगायची आणि शेवटी चूक आपल्यावर घ्यायची. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. जो तिथे बसलेला नाही त्याचं तर मुळीच नाही. एकदा 'माही चूक' म्हटलं की तो विषय संपला, त्यावरून पुन्हा कुणी भांडायचं नाही. थट्टा मात्र कितीही करावी.

टेकचंदच्या चपलेची गोष्ट अशीच. टेकचंद तिरोड्याकडचा. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. तो गावाहून परत आला की सगळे विचारत, "पासपोर्ट आणला का गा?" तो म्हणे, "आणला ना. पण तुमच्या भंडाऱ्यात शिक्का माराले कोणी जागीच नाही!" एकदा त्याचा टिपर रस्ता सोडून सरळ एका बोडीत, म्हणजे शेताकडेच्या लहान तळ्यात गेला. ओढून आणला तेव्हा आरशाला शिंगाड्याचे वेल लटकत होते. भाऊ रिमवर बसले.

"सांग."

"ब्रेक लागलाच नाही भाऊ. दाबून राहिलो, दाबून राहिलो, पेडल खाली जाऊनच नाही राहिलं."

"पायात काय होतं?"

"कोणाच्या?"

"टिपरच्या नाही विचारून राहिलो. तुह्या."

"चप्पल."

"मंग आता एकच काहून आहे?"

आम्ही सगळ्यांनी टेकचंदच्या पायांकडे पाहिलं. टेकचंदनेही पाहिलं. दुसरी चप्पल ब्रेकच्या पेडलखाली अडकलेली निघाली, चिखलाने भरलेली. त्याने चिखल झटकून ती पायात घातली. मग म्हणाला, "माही चूक." भाऊ म्हणाले, "झालं. चहा दे रे त्याले." पुढचे आठ दिवस कुणी ना कुणी टेकचंदच्या सीटवर एकच चप्पल नेऊन ठेवत होतं.

भाऊंच्या स्वतःच्या गोष्टींत सगळ्यात लाडकी रोलरची. अड्याळच्या अलीकडे रोलर पोचवायचा होता. रोलरचा ड्रायव्हर आदल्या दिवशी पिऊन पडला होता, म्हणून भाऊच घेऊन निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजू रुंदीकरणासाठी खोदलेल्या. मागून नवरदेवाची जीप आली, तिच्यामागे वऱ्हाडाची गाडी, तिच्यामागे बॅन्डवाले. कुणालाच पुढे जाता येईना. नवरदेवाचा मामा उतरून रोलरच्या बाजूने चालत ओरडू लागला, आणि चालता चालता रोलरच्या पुढे गेला. "अहो, मुहूर्त टळून राहिला ना! जोरात घ्या!"

"मामाजी, हे जोरातच आहे."

शेवटी बॅन्डवाले कंटाळले आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. वऱ्हाड उतरून रोलरपुढे नाचू लागलं. गाव जवळ आलं तेव्हा भाऊंनी नवरदेवाला वर बोलावून आपल्या शेजारी बसवलं. मांडवातल्या बायका सांगत सुटल्या, मुलाकडच्यांची मोठी हौस आहे बाई, रोलरवरून आले. भाऊंना दुपट्टा-टोपी मिळाली, पंगतीत पहिल्या ओळीत बसवलं. गोष्ट संपवताना ते गंभीर होत. "पण चूक माही. मी अर्धा घंटा आधी निघालो असतो त बिचाऱ्याचं लगन टाइमावर लागलं असतं." पिऊन पडलेला ड्रायव्हर समोरच चहा पीत बसलेला असे. त्याचं नाव त्या गोष्टीत कधी आलं नाही.

ही सगळी हकीकत वहीत उतरवायची कल्पना माझी. आधी बिघाडाच्या रजिस्टरमध्ये तारीख, गाडीचा नंबर आणि बदललेला भाग एवढंच असे. मी नवीन रजिस्टर आखलं, त्यात 'हकीकत' असा रुंद रकाना केला आणि चहाच्या वेळी जे ऐकलं ते शुद्ध मराठीत लिहू लागलो. त्याखाली ओळ असे, 'चूक अमुक यांची'. शिकल्याचा काहीतरी उपयोग होतो आहे असं मला वाटे. भाऊंना तर ते रजिस्टर इतकं आवडलं की कुणी पाहुणा आला की म्हणत, "वाच ना गा ग्रॅज्युएट, रोलरचं." मी वाचे. 'सदर रोलर मार्गक्रमण करीत असताना' हे आलं की ते शेजारच्याला कोपर मारत. "मी मार्गक्रमण करून राहिलो होतो, पाह्य!"

एक नोंद माझीही होती. मी नागपूरला क्लचप्लेटची मागणी पाठवताना एका गाडीऐवजी दुसऱ्याच गाडीचा नंबर लिहिला. आली ती प्लेट बसेना, आणि दोन दिवस टिपर उभा राहिला. चहाला मी काही बोलायच्या आतच भाऊ म्हणाले, "नंबर मीच चुकीचा सांगितला. माही चूक." नोकरी नवी होती, घरी सगळे माझ्याकडे डोळे लावून होते. मी माझ्याच सुंदर अक्षरात लिहिलं, 'चूक शालिकभाऊंची'.

पुढचं सांगायला मला जड जातं.

पावसाळा सरत आला होता, धान लोंबीवर होतं. पवनीकडच्या एका कालव्याच्या पाळीवरून, म्हणजे काठच्या मातीच्या भरावावरून, पोकलेन ट्रेलरवर चढवून दुसऱ्या साइटवर न्यायचं होतं. मी हजेरी घ्यायला तिथेच गेलो होतो. भाऊंनी पाळीच्या मातीत टाच दाबली. टाच रुतली. ते साइट इंजिनिअर साहेबांना म्हणाले, "साहेब, आज नाही. दोन दिवस ऊन पडू द्या."

साहेब जीपमधून उतरलेही नाहीत. "उद्या मशीन तिकडे पाहिजे. आजच चढवा. मी सांगतो ना?" आणि जीप गेली.

भाऊंनी ट्रेलरची चाकं येतील तिथे लाकडी स्लीपर, म्हणजे जाड ओंडके, टाकून घेतले. ट्रेलरचा ड्रायव्हर महादेव, त्याने ट्रेलर मागे आणून लावला. टेकचंद आता पोकलेन चालवायला शिकला होता, तो वर बसला. भाऊ समोर उभे राहून हाताने इशारा देत होते. मशीन अर्धं चढलं आणि ट्रेलरचं एका बाजूचं चाक स्लीपरसकट मातीत गेलं. मशीन कलंडलं. टेकचंदने उडी मारली ती नेमकी कलत्या बाजूला. त्याचा उजवा पाय मशीनच्या साखळीखाली आला.

त्याला बाहेर काढेपर्यंत भाऊ त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. टिपरमध्ये घालून आधी पवनीला नेलं, तिथून भंडाऱ्याला. पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फॅक्टरीच्या बसगाड्या गेल्या आणि सवयीने चहा आला. कुणी पेला उचलला नाही. भाऊ म्हणाले, "इशारा माहा होता. माही चूक."

महादेव म्हणाला, "नाही भाऊ, गाडी मी लावली. माही."

मी रजिस्टर उघडलं होतं. मी विचारलं, "साहेबांनी आजच चढवा म्हटलं, ते लिहू का?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "जो येथं बसून नाही त्याचं नाव कायले घेतं?"

मी ते लिहिलं नाही.

चार दिवसांनी मालकांच्या नागपूरच्या ऑफिसातून चौकशीसाठी एक अधिकारी आले. तेव्हा आम्हाला कळलं की कुणाची चूक होती हे ठरवण्यावर किती अवलंबून आहे. टेकचंदची ठरली तर त्याचं काम जाणार होतं, आणि दवाखान्याशी कंपनीचा संबंध राहणार नव्हता. दुसऱ्या कुणाची ठरली तर उपचार कंपनी करणार होती, आणि टेकचंदला डिझेल पंपावर बसून करायचं काम मिळणार होतं. त्याला दोन लहान मुली होत्या.

भाऊ निश्चिंत होते. "सोपं आहे. माही चूक म्हणून सांगतो. मले काढतील, दुसरं काय? टेकचंदचं काम राहते."

पण अधिकारी आधी दवाखान्यात जाऊन आले होते. तिथे टेकचंदने काय सांगितलं असेल? इतकी वर्षं तो चहाला बसत होता. कुणी काय झालं म्हणून विचारल्यावर शेवटी काय म्हणायचं हे त्याच्या अंगात भिनलं होतं. शिवाय भाऊंवर येऊ नये असंही त्याला वाटलं असणार. तो म्हणाला, "माही चूक साहेब. मी उडी माराले नाही पाहिजे होती." आणि त्याने खाली सहीही केली.

केबिनमध्ये अधिकारी टेबलाशी बसले, मी बाजूला, भाऊ समोर उभे. भाऊंनी आपली चूक सांगितली. अधिकारी म्हणाले, "ट्रेलरचा ड्रायव्हर म्हणतो त्याची. ऑपरेटर म्हणतो त्याची. तुम्ही म्हणता तुमची. ही काय थट्टा चालवली आहे?"

"थट्टा नाही साहेब. माहीच आहे. माहीच लिहा."

अधिकाऱ्यांनी रजिस्टर ओढलं आणि मागची पानं चाळू लागले. मी किती कौतुकाने ते आखलं होतं. "रोलर उशिरा. चूक शालिकभाऊंची. गिअरबॉक्समध्ये पाना राहिला. चूक शालिकभाऊंची. रेडिएटर. चूक शालिकभाऊंची. चुकीची क्लचप्लेट आली. चूक शालिकभाऊंची." त्यांनी वर पाहिलं. "एक तर तुम्ही फोरमन म्हणून एक दिवस ठेवण्याच्या लायकीचे नाही, नाहीतर तुम्ही ज्याची त्याची चूक अंगावर घेता. अशा माणसाच्या कबुलीचं मी काय करू?"

मी उभा राहिलो. "सर, ती क्लचप्लेटची चूक माझी होती. नंबर मी चुकवला होता."

अधिकारी हसले. "आता तुम्ही पण सुरू झालात?"

मी त्यांना यार्डातली रीत समजावून सांगू लागलो. त्यांनी विचारलं, "म्हणजे या रजिस्टरमध्ये तुम्ही खोटं लिहीत होता?" हो म्हटलं तर माझं लिहिणं खोटं, नाही म्हटलं तर भाऊंची प्रत्येक चूक खरी. इतकं शिकून मला त्या वेळी एक सरळ वाक्य जुळवता आलं नाही.

तेव्हा भाऊंनी कधीच न केलेली गोष्ट केली. त्यांनी फडकं खांद्यावरून काढून हातात घट्ट धरलं. आणि म्हणाले, "साहेब, माती ओली होती. मी नाही म्हटलं होतं. इंजिनिअर साहेबांनी आजच चढवा म्हटलं."

एवढं बोलताना त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"मी होतो तिथे सर," मी म्हणालो. "मी ऐकलं."

"लिहिलं आहे?"

"नाही."

"सगळं लिहिलं, एवढंच नाही लिहिलं?" त्यांनी रजिस्टर मिटलं. "पाच मिनिटांपूर्वी तुमची चूक होती, आता साहेबांची झाली. ऑपरेटरने निदान सही तरी केली आहे."

टेकचंदची चूक ठरली. आम्ही मालकांना अर्ज दिला. महादेव दोनदा नागपूरला जाऊन बाहेर बसून आला. भाऊंनी दवाखान्यात टेकचंदला पुन्हा जबाब द्यायला लावला, पण तो घ्यायला कुणी आलं नाही. साइट इंजिनिअर पुढच्या महिन्यात दुसऱ्या कामावर गेले. जाताना त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. त्यांच्या मनात काही होतं असं दिसलं नाही.

भाऊंना कुणी काढलं नाही. तेच त्यांना सोसेना. चहा येई, पण कुणी काही सांगत नसे, पिऊन लोक उठत. गाडी आली की भाऊ मुकाट बॉनेट उघडत आणि पुष्कळदा चुकीचा भाग खोलून बसत. महिनाभराने ते काम सोडून गेले. जायच्या दिवशी मी केबिनमध्ये त्यांची माफी मागू लागलो. ते म्हणाले, "तू कायले रडतं? तू त जे ऐकलं ते लिहिलं. अभ्यास कर." माझी परीक्षा पुढच्या वर्षी झाली. मी पास झालो, सरकारी नोकरी लागली. माझ्या वडिलांनी पेढे वाटले. मी पेढे घेऊन शहापूरला गेलो तेव्हा भाऊ घरी नव्हते. वहिनी म्हणाल्या, "टेकचंदभाऊले घेऊन गेले नागपूरले. दर महिन्याले जातात. तेथं नवा पाय बसवून राहिले त्याले."

नंतर एकदाच भेट झाली, भंडाऱ्याच्या बसस्टँडवर. नागपूरची गाडी लागत होती. भाऊ टेकचंदच्या काखेत हात घालून गर्दीतून वाट काढत होते आणि टेकचंद त्यांच्यावर खेकसत होता.

"हळू ना भाऊ! पोकलेन चढवून राहिले का मले?"

"पोकलेन बोलत नाही तुह्याएवढं."

त्यांनी मला पाहिलं. "अरे, ग्रॅज्युएट! साहेब झाला ना गा? ही कुबडी धर." मी कुबडी धरली. भाऊंनी टेकचंदला जवळपास उचलूनच पायरीवर ठेवला. मी खिडकीतून कुबडी आत दिली. मला पुष्कळ बोलायचं होतं. मी विचारलं, "भाऊ, काही लागतं का?" ते खिडकीशी वाकून म्हणाले, "नाही बाप्पा. जागा भेटली, बस."

कंडक्टरने घंटी दिली. गाडी हलली तेव्हा मला आतलं दिसलं. भाऊंनी दोन जागा धरल्या होत्या. एका जागेवर टेकचंद बसला होता, आणि दुसरीवर त्याचा उरलेला उजवा पाय फडक्यावर लांब करून ठेवलेला होता. भाऊ मधल्या वाटेत वरचा दांडा धरून उभे होते, आणि आत सरकणाऱ्या लोकांना दुसऱ्या हाताने त्या पायापासून दूर ठेवत होते. गाडी हायवेला लागेपर्यंत मला त्यांची पाठ दिसत होती.